रस-ऑम्लेटचा गाडा आणि पाच पदांचे ताट: गोव्यात खाद्यपरीक्षण लिहू पाहणाऱ्यांसाठी

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. संध्याकाळच्या गाड्यावरचे रस-ऑम्लेट (मसालेदार रश्शात बुडवलेले ऑम्लेट), पणजीच्या गल्लीतली माशांच्या ताटाची खानावळ आणि आसगावातले महागडे रेस्टॉरंट या तिघांचे परीक्षण एकाच मापाने करता येते काय, हा पहिला भाग; आणि मालक, वाढपी, वाचक हे सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान राज्यात स्पष्ट लिहावे कसे, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर असे की प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच विचारावा: या जागी, या वेळेला, इतक्या पैशांत जे मिळायला हवे होते ते मिळाले काय? बहुतेक परीक्षणांत जागेचा आणि पैशांचा विचार बऱ्यापैकी झालेला असतो; राहून जाते ती वेळ. गोव्यात तर ताटात काय येईल हे स्वयंपाक्याइतकेच घड्याळ आणि पंचांग ठरवते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

भाजी-पाव हा सकाळचा पदार्थ आहे. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीतला पाव पहाटे दारात येतो आणि दुसरी फेरी दुपारनंतर होते. त्यामुळे सकाळी आठला कॅफेत मिळणारा पाव आणि दुपारी दोनला त्याच टेबलावर येणारा पाव यांची तुलनाच होऊ शकत नाही. पातळ भाजी सकाळी सैल असते, साडेदहापर्यंत ती आळत जाते, आणि त्यानंतर पाणी घालून वाढवली जाते. कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले यांसारख्या पणजीतल्या जुन्या जागांविषयी लिहायचे असेल, तर दुपारी जाऊन ‘गर्दी होती तशी चव नव्हती’ असे लिहिण्यात अर्थ नाही. सकाळी जावे, मिक्स भाजी, मिरची भजी आणि चहा मागवावा, आणि पाव उंडा (गोल, कडक) होता की पोळी (कोंड्याचा पोकळ पाव), आणि तो कोणत्या फेरीचा होता हेही पाहावे. माशांच्या ताटाची खरी वेळ साडेबारा ते दीड. तीननंतर अनेक स्वयंपाकघरे बंद होतात ती सातपर्यंत उघडत नाहीत, आणि अडीचला पोचलेल्या गिऱ्हाइकाला ताटाबरोबर थोडी नाराजीही वाढली जाते. ती नाराजी जरूर नोंदवा, पण आपण अडीचला गेलो होतो हेही त्याच वाक्यात नोंदवा. रस-ऑम्लेटचे गाडे दिवस मावळल्यावर लागतात. सुरुवातीला रस पातळ असतो, रात्री नऊच्या सुमारास तो उकळून दाट होतो आणि भाजलेल्या खोबऱ्याचा मसाला तळाशी जमतो. काही माणसे मुद्दाम त्याच वेळी जातात, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर आहे.

घड्याळाहून मोठे पंचांग. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात ताटात इसवण (सुरमई) आले, तर ते बर्फातले आहे किंवा परराज्यातून आले आहे असे समजून चालावे. त्यात फसवणूक काही नाही, पण ‘आज सकाळचे ताजे’ असा फलक लावलेला असेल तर मात्र आहे. चांगली खानावळ या दोन महिन्यांत पाट्या बदलते: नदीतले शेवटो आणि काळुंदर हे मासे, खुबे (शिंपले), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर (खोबरे घातलेली कोरडी कोशिंबीर), सुक्या बांगड्याची आमटी पुढे येते. माझ्या दृष्टीने पावसाळा हा खानावळ ओळखण्याचा सर्वांत चांगला काळ आहे, कारण मासळी मुबलक असताना चांगले जेवण देणे तुलनेने सोपे असते. त्यानंतर श्रावण येतो, अनेक हिंदू घरांत मासळी बंद होते, चतुर्थीपर्यंत खानावळीतली गर्दी ओसरते आणि गर्दी ओसरली की कढीचे, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशांच्या आमटीचे, पातेलेही लहान होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात याच्या नेमके उलट घडते. त्या आठवड्यातल्या अनुभवावरून कोणत्याही जागेचे बरे किंवा वाईट परीक्षण लिहू नये, फक्त त्या आठवड्यात जाऊ नका एवढेच लिहावे.

ताजेपणाविषयी लिहिताना आपल्याला काय कळते आणि काय कळत नाही याचे भान हवे. बांगड्याचे मांस काट्यापासून अखंड पाकळीने सुटते काय, ते पिठूळ झाले आहे काय, सुंगटे दाताखाली कुरकुरीत तुटतात की ओल्या कापसासारखी लागतात, शार्क किंवा वाघळीच्या आंबोट-तिकाला (आंबट-तिखट रश्शाला) अमोनियाचा वास आहे काय, हे जिभेला आणि नाकाला कळते. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या तपासणीनंतर फॉर्मेलिनचा मोठा गदारोळ झाला आणि राज्याने परराज्यातल्या मासळीवर काही दिवस बंदीही घातली. त्यानंतर ‘फॉर्मेलिनची चव लागत होती’ असे लिहिणाऱ्यांचे पीक आले. चवीवरून असा निर्वाळा देता येत नाही. तो प्रयोगशाळेचा विषय आहे, परीक्षकाचा नव्हे. नाव न देता ‘फिश फिले’ म्हणून येणारा पांढरा, बिनकाट्याचा, बिनचवीचा तुकडा हा बहुधा गोठवलेला बासा असतो. तिथे मात्र वाढप्याला माशाचे नाव विचारावे आणि त्याने दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहावे.

आता ताटाकडे येतो, कारण गोव्यात खानावळ म्हणजे ताट आणि ताट म्हणजे कढी. नवखे परीक्षक तळलेल्या माशावर सगळा भर देतात. रव्यात घोळवून तव्यावर शेकलेला मासा दिसायला छान, छायाचित्राला सोयीचा आणि चुकायला अवघड. ताजे मासे आणि बरे तेल एवढे असले की तो जमतो. कढीचे, म्हणजे हुमणाचे, तसे नाही. ओले खोबरे त्या दिवशी खवलेले आहे काय, मिरची-धणे भाजल्याशिवाय वाटले आहेत काय, वाटण गंधासारखे बारीक झाले आहे की जिभेला कणी लागते, आंबटपणाला सोले (आमसुले) घातली आहेत, चिंच आहे की कैरी, बांगडा किंवा तारल्यांच्या कढीत तिरफळे आहेत काय आणि ती ठेचून शेवटी घातली आहेत काय, असे सगळे निर्णय स्वयंपाकघरात सकाळी नऊपूर्वी झालेले असतात आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. शिवाय कढी मागेल तितकी फुकट वाढायची असते. न दिसणाऱ्या आणि फुकट वाढायच्या गोष्टीवर जो मालक कष्ट आणि नारळ खर्च करतो, तो बाकीच्या ठिकाणी सहसा कसर करत नाही, म्हणून मी कोणत्याही खानावळीत आधी नुसत्या भातावर कढी घेतो, मासा मागाहून.

भात उकडा आहे काय हेही विचारावे. आपल्याकडे उकड्या तांदळाचा भात जाड, किंचित गुलाबी आणि कढी धरून ठेवणारा असतो. सुरय, म्हणजे पांढऱ्या, भातावर तीच कढी ताटभर पळते. अनेक खानावळी दोन्ही ठेवतात आणि न विचारता पांढरा वाढतात, कारण बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो ओळखीचा वाटतो. उकडा आहे असे सांगून तो संपल्याचे रोज सांगणारी जागा असेल, तर ते नोंदवण्यासारखे आहे. किसमुरीत गालमो (सुकी बारीक कोळंबी) कुरकुरीत हवा. ती आधी कालवून ठेवली की नारळाच्या ओलाव्याने मऊ पडते, आणि मऊ किसमूर म्हणजे घाईच्या वेळेची तयारी आदल्या तासाला करून ठेवल्याची कबुलीच असते. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यात रेती लागली, तर ती स्पष्ट लिहावी. त्याला कोणतीही सबब नाही. सोलकढीचा रंग भडक गुलाबी आणि चव फक्त गोड-आंबट असेल, तर ती बाटलीतल्या अर्काची आहे. खऱ्या सोलांच्या कढीचा रंग मळकट जांभळट असतो आणि मागे लसूण व हिरवी मिरची रेंगाळते. काही जुन्या खानावळी नारळाचे दूध न घालता फुटी कढी देतात. पर्यटक तिला ‘पातळ सोलकढी’ समजून नावे ठेवतात, तुम्ही ठेवू नये.

इथे एक सावधगिरीची सूचना. आदल्या दिवशीची, आटून दाट झालेली कढी सकाळी पावाबरोबर खाणे हा गोव्यातला घरोघरचा आवडीचा प्रकार आहे. म्हणून कढी कालची असणे हा आपोआप दोष ठरत नाही. कालची कढी आजची म्हणून दुपारच्या ताटात वाढणे हा दोष आहे. ती ओळखता येते: पुन्हा पुन्हा उकळल्याने खोबऱ्याचे तेल सुटून वर तवंग येतो, खाली रवाळ गाळ बसतो, आणि आंबटपणा एकसुरी होतो.

ताटाच्या किमतीत कोणता मासा मिळतो याची कल्पना वाचकाला द्यावी. साध्या ताटात बांगडा, वेर्ली, तारले, लेपो किंवा मोडसोचा तुकडा येतो; इसवण, पापलेट, चणक किंवा मोठी सुंगटे वेगळी मागवावी लागतात आणि त्यांचा भाव बहुतेक वेळा पाटीवर नसतो, ‘आकाराप्रमाणे’ असतो. अनेक पाहुण्यांच्या तक्रारी याच एका शब्दातून उगवतात. मागवण्यापूर्वी मासा दाखवा, वजन सांगा, ते साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे ते सांगा आणि एकूण किंमत सांगा, अशी विनंती केल्यावर ज्या जागी कुरकुर न करता उत्तर मिळते, त्या जागेचे परीक्षणात त्या कारणासाठी कौतुक करावे. लोकांना हे चवीइतकेच उपयोगी पडते.

गाड्यांकडे वळू. गाड्याच्या परीक्षणात स्वच्छतेचा मुद्दा टाळून चालत नाही, आणि त्यावरून नाक मुरडूनही चालत नाही. टेबलावर कापड आहे काय हे पाहू नका. पिण्याचे आणि भांडी विसळण्याचे पाणी वेगळे आहे काय, एकच माणूस पैसे घेऊन त्याच हाताने पाव कापतो काय, चिरलेला कांदा झाकलेला आहे काय, तेल काळे पडून फेसाळत आहे काय, हे पाहा. अंडे तव्यावर गिऱ्हाइकासमोर फोडले जाते आणि रस समोर खळखळत असतो, या दोन कारणांनी रस-ऑम्लेटचा गाडा अनेक बंद स्वयंपाकघरांपेक्षा मला अधिक विश्वासाचा वाटतो. धोका असतो तो वर घातलेल्या कच्च्या कांद्यात आणि हात धुण्याच्या पाण्यात. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक गाड्यावरही लावलेला असायला हवा. तो आहे की नाही एवढे नोंदवणे पुरेसे आहे, त्याचा अर्थ स्वच्छतेचे प्रमाणपत्र असा मात्र लावू नये.

जत्रा आणि फेस्त (चर्चचे उत्सव) यांतल्या दुकानांविषयी क्वचितच कोणी लिहिते. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या दुकानांना मज्जाव केला, तेव्हा कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणे दिली होती, आणि देशभर त्याची थट्टा झाली. मला त्या थट्टेपेक्षा हे महत्त्वाचे वाटते की त्याच जत्रेत मिळणाऱ्या खाज्याविषयी, ज्याला आता भौगोलिक मानांकनही आहे, आले आणि गूळ कोणाच्या खाज्यात नीट लागतो असे सांगणारे दोन परिच्छेदही सहज सापडत नाहीत. तुम्ही लिहायला लागलात, तर तिथे जागा रिकामी आहे.

ख्रिस्ती घरांच्या पाककृती देणाऱ्या जागांचे परीक्षण करण्यापूर्वी त्या पदार्थांचा पाया माहीत करून घ्यावा. हिंदू स्वयंपाकातला आंबटपणा सोले, चिंच, कैरी, बिमली यांचा. ख्रिस्ती स्वयंपाकात त्यांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, माडाच्या सुरेचा सिरका येतो. विंदालू, सोरपोतेल, रेशाद मसाला, बालशांव हे सगळे त्या सिरक्यावर उभे आहेत, आणि कारखान्यातला पांढरा सिरका घातला की चव घशाला ओरबाडते, मागे गोडसरपणा राहत नाही. विंदालूमध्ये बटाटा आला, तर ते स्वयंपाकघर गोव्याबाहेरच्या पाकपुस्तकावरून चालते असे खुशाल समजा. सोरपोतेल मुरल्यावरच चांगले लागते, म्हणून ते ताजे नाही ही तक्रार करू नये. काफ्रियालमध्ये कोथिंबीर-मिरचीचा हिरवा मसाला कोंबडीत शिरलेला हवा, वरून ओतलेला नको. सालिगावच्या फ्लोरेन्टाइनचे नाव या एका पदार्थावर वर्षानुवर्षे टिकले आहे, आणि एका पदार्थासाठी ओळखल्या जाणाऱ्या जागेचे परीक्षण प्रामुख्याने त्या पदार्थावरच करावे, तिथल्या नूडल्स कशा होत्या यावर नव्हे. शोरिस पावाच्या (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज घातलेल्या पावाच्या) बाबतीत चरबी आणि मांस यांचे प्रमाण पाहावे, आणि शोरिस पावसाळ्यापूर्वीच्या उन्हात वाळवलेला घरचा आहे की पाकिटातला, हे मालकाला विचारावे. मे महिन्यात पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, फेस्तात म्हापसा-मडगावला ज्या माळा विकायला येतात, त्या आणून ठेवणारा मालक हे उत्तर आनंदाने देतो.

तावेर्नांविषयी, म्हणजे गावातल्या छोट्या दारूच्या दुकानांविषयी, थोडेच. उर्राक (काजूबोंडाच्या रसाची पहिल्या धारेची दारू) हे साधारण फेब्रुवारीअखेर ते मे एवढेच मिळते, ऑगस्टमध्ये कोणी ‘ताजे उर्राक’ म्हणून पुढे केले तर नम्रपणे नाही म्हणावे. काजूच्या फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. तरीही कोणती फेणी आहे आणि कुठल्या भट्टीची, हे सांगू शकणारा बारवाला विरळाच, आणि तो भेटला तर त्याच्यावर स्वतंत्र लेख होतो.

शाकाहारी जेवण देणाऱ्या बहुसंख्य जागा उडुपी धर्तीच्या आहेत, त्यांचे मोजमाप त्यांच्या इडली-सांबारावर करा. खतखते, मुगागाठी, अळसांद्यांचे तोणाक, तवसळी हे गोव्याचे खरे शाकाहारी पदार्थ खानावळीत क्वचित आणि मुख्यतः श्रावण-चतुर्थीच्या सुमारास दिसतात. फोंडा महालातल्या देवळांच्या परिसरात डोळे उघडे ठेवून फिरलात तर तुमच्या हाती अधिक लागेल.

किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहे, हा हंगामी व्यवसाय आहे; पावसाळ्यापूर्वी ते मोडायचे आणि नंतर पुन्हा उभारायचे असतात, आणि स्वयंपाक्यांची फळीही त्याबरोबर बदलू शकते. त्यामुळे मागच्या हंगामातले परीक्षण या हंगामात लागू पडेलच असे नाही, आणि शॅकविषयी लिहिताना महिना व वर्ष न लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे. चाळीस पानांच्या मेन्यूत इटालियन, चिनी, इस्रायली आणि मोगलाई असे सगळे असेल, तर त्यातले काय त्या दिवशी बोटीवरून आले एवढेच विचारून तेच खावे आणि तेवढ्याचेच परीक्षण करावे. इथे, आणि एकूणच गोव्यात, एक गोष्ट कटाक्षाने टाळा: स्वयंपाकी नेपाळचा, ओडिशाचा किंवा झारखंडचा आहे म्हणून कढी ‘अस्सल नाही’ असे लिहिणे. आज आपल्या अनेक खानावळींची वाटणे त्यांच्याच हातांनी होतात. कढी चांगली असेल तर ती चांगली आहे.

आता महागड्या जागांकडे. आसगाव, पणजीची मळा-फोंताइन्हश ही पोर्तुगीज काळातल्या घरांची वस्ती आणि किनाऱ्यावरची मोठी हॉटेले यांनी गेल्या काही वर्षांत वेगळ्याच प्रकारचे जेवण आणले आहे: पाच-सात पदांचे ठरावीक ताट, जुन्या घराचा पडवीसह केलेला जीर्णोद्धार, फेणीची कॉकटेल्स आणि भांड्यांवर लक्ष जाईल अशी मांडणी. अशा ठिकाणी परीक्षकाच्या दोन चुका ठरलेल्या असतात. एक म्हणजे ‘एवढ्या पैशांत खानावळीत दहा जण जेवले असते’ असा हिशेब मांडणे. गिऱ्हाईक तिथे दहा जणांचे पोट भरायला गेलेले नसते. दुसरी म्हणजे भारावून जाऊन घराच्या वर्णनात निम्मा लेख घालवणे. मी तिथे असे पाहतो की पदार्थात जे बदल केले आहेत त्यांनी मूळ चवीला काही दिले काय. खतखत्यातली तिरफळे फेसाच्या रूपात आली आणि त्यांचा तो झिणझिणणारा सुगंध टिकून राहिला, तर स्वयंपाक्याने काम केले. सुगंध गेला आणि फेस उरला, तर त्याने फक्त भांडी वाढवली. मासा नेमका शिजला आहे काय, म्हणजे काट्याजवळ किंचित अर्धपारदर्शक आणि ओलसर, हे महागड्या जागी अपेक्षित आहे. खानावळीत ती अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. दोन पदांमध्ये किती वेळ गेला, वाढप्याला माशाचे नाव आणि तो कुठून आला हे ठाऊक होते काय, न विचारता बाटलीबंद पाणी उघडले काय, संगीताच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू आले काय, वयस्कर माणसाला त्या जुन्या घराच्या पायऱ्या चढता येतील काय, या गोष्टी वाचकाला पैसे खर्च करण्यापूर्वी हव्या असतात. आणि अशा जागी मेन्यूत माशांची कढी-भात असेल, तर ती जरूर मागवावी; दीड-दोनशे रुपयांच्या ताटात जी कढी सहज जमते, ती तिथे जमली नाही, तर बाकीच्या कौशल्याचा अर्थ काय, हे विचारण्याचा अधिकार परीक्षकाला आहे.

बिल वाचायला शिका, कारण तो परीक्षणाचाच भाग आहे. स्वतंत्र रेस्टॉरंटला साधारणतः ५ टक्के जीएसटी लागतो; ज्या हॉटेलात खोलीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाते, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) छोट्या उपाहारगृहाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, तरी तो कधी कधी लावलेला दिसतो. मद्यावर जीएसटी नसतो. सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये ते उचलून धरले. ते काढायला सांगितल्यावर वाढप्याचा चेहरा कसा होतो, यावरून त्या जागेच्या आदरातिथ्याची किंमत कळते. परीक्षणात दोन माणसांचा एकूण खर्च करांसह लिहावा, आणि मद्य वेगळे काढून लिहावे. नुसता ताटाचा भाव लिहिण्याने काही कळत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे. गोव्यात नाव लपवून जेवणे फार काळ जमत नाही. तिसऱ्या लेखानंतर कोणी ना कोणी ओळखतोच. ओळखले गेल्यावर आपल्या ताटात मोठा तुकडा येतो, हे टाळता येत नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या ताटात काय आले हे पाहायची सवय लावून घ्यावी, शक्य तर कधी घरच्यांना किंवा मित्राला एकटे पाठवावे. बिल स्वतः भरावे. मालकाने आग्रह करून काही दिले, तर ते घेतल्याचे लिहावे. पैसे, फुकट जेवण किंवा सवलत घेऊन केलेल्या शिफारशीत तो संबंध उघड करणे हे २०२२ च्या जूनमधल्या फसव्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले, मात्र ते स्वेच्छेचे आहे. आमंत्रित मेजवानीवर लिहिलेला मजकूर परीक्षण या नावाने देऊच नये, असे माझे मत आहे. उद्घाटनाच्या रात्रीची सुंगटे सगळीकडे मोठीच असतात.

प्रतिकूल परीक्षण लिहिताना जागेचा आकार लक्षात घ्या. नवरा-बायको आणि एक मुलगा मिळून चालवत असलेल्या खानावळीत एका दुपारी कढी बिघडली, तर त्यावर जाहीर लेख लिहिण्यापेक्षा दुसऱ्यांदा जावे. पुन्हा बिघडलेली आढळली, तर त्या जागेविषयी न लिहिणे हादेखील एक निर्णय आहे, कारण तिच्याकडे वाचक तुमच्या सांगण्यावरून जाणारच नव्हता. परंतु ज्या जागेच्या जाहिराती विमानतळापासून दिसतात आणि जिथे दूरदूरचे लोक ऐकून जातात, तिचे दोष लिहिणे हे तुमचे कामच आहे. तिथेही दोन वेळा जावे, एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि एकदा रविवारी. दोष सांगताना पदार्थाचे नाव, दिवस, वेळ आणि नेमके काय झाले ते लिहावे: ‘सेवा भयंकर’ असे न लिहिता ‘पहिला पदार्थ यायला ५० मिनिटे लागली, मध्ये कोणी विचारायला आले नाही’ असे लिहावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचे जे अपवाद दिले आहेत, त्यांत लोकांपुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणदोषांवर प्रामाणिकपणे दिलेले मत बसते. जेवल्यावर पोट बिघडले म्हणून अमुक जागेने विषबाधा केली, असे ठाम विधान त्यात बसेलच असे समजू नका. पोट बिघडायला त्या दिवशीचे दुसरे काहीही कारण असू शकते, आणि खरोखर शंका असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

पाचपैकी किती तारे द्यावेत, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कोणीतरी विचारीलच. देऊ नयेत. साडेचार तारे मिळालेला गाडा आणि साडेचार तारे मिळालेले रेस्टॉरंट एका यादीत शेजारी आले की दोघांचेही नुकसान होते, आणि वाचकाला हवे असलेले उत्तर, म्हणजे आज रात्री मी कुठे जाऊ, त्यातून मिळत नाही. त्याऐवजी शेवटी चार ओळी द्या: कोणत्या वेळी जावे, काय मागवावे, काय मागवू नये, दोघांना किती लागतील. छायाचित्र काढायचे तर ते जेवण गरम असताना अर्ध्या मिनिटात काढावे.

लिहून झाल्यावर काम संपत नाही. गोव्यातल्या खानावळींत स्वयंपाकी बदलणे, मालकाच्या आईने स्वयंपाकघर सोडणे, जागा शेजारच्या गाळ्यात वाढवून टेबले दुप्पट करणे या तीन घटनांनंतर जुने परीक्षण बहुधा निकालात निघते. प्रत्येक परीक्षणावर भेटीचा महिना आणि वर्ष ठळक लिहा, वर्षातून एकदा यादी काढून त्यातल्या ज्या जागांविषयी असा बदल कानावर आला असेल तिथे पुन्हा जा, आणि मजकूर बदलल्यास जुना पुसून न टाकता त्याखाली नवी तारीख घालून लिहा.